वडिलांच्या नावाखाली

“आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव.” मी फळ्यावर लिहिलं आणि मागे वळले. “कुणाला काही शंका?”

समोर तेरा जण बसले होते. पहिल्या रांगेतल्या अल्माझनं हात अर्धा वर केला आणि परत मांडीवर ठेवला.

“बोल ना,” मी म्हटलं.

“मिस, आमच्याकडे आडनाव नसतं.”

“मग दुसरं नाव घ्यायचं. तुझं पूर्ण नाव काय? अल्माझ वोर्कू. म्हणजे वोर्कू, स्वल्पविराम, अल्माझ.”

“वोर्कू माझे वडील.”

“असू देत. जगभरच्या लायब्रऱ्यांत अशीच पद्धत आहे. आपला कॅटलॉग जगाला जोडायचा तर जगाच्या पद्धतीनं जायला हवं. पटतंय?”

तिनं ओठ जरासे उघडून श्वास झटकन आत ओढला. इथिओपियातल्या लोकांची ही ‘हो’ म्हणायची तऱ्हा. सुरुवातीला मला वाटायचं, उंचावरच्या विरळ हवेनं यांना धाप लागते की काय. मग कळलं, ते होकार देतात. त्या दिवशी एकामागून एक तेराही जणांनी तसाच श्वास ओढला आणि मी समाधानानं खडू खाली ठेवला.

ही गोष्ट २००७ सालची. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या एका विद्यापीठात मी दोन वर्षांच्या करारावर गेले होते. काम दोन प्रकारचं. त्यांच्या लायब्ररीतली कार्डं जाऊन संगणकावर कॅटलॉग यायचा होता, आणि त्यासाठी तिथल्या कर्मचाऱ्यांना तयार करायचं होतं. करार पहिल्या वर्षानंतर संपवायचा की पुढे चालू ठेवायचा, हे त्यांनी ठरवायचं होतं.

त्याआधी संगमनेरच्या एका कॉलेजात मी चोवीस वर्षं ग्रंथपाल होते. तिथं प्राध्यापक मंडळी मला ‘लायब्ररीतल्या बाई’ म्हणायची. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबायचं नाही, पण कुणी मला त्यात घ्यायचंही नाही. चार वर्षांपूर्वी नवरा वारला होता, मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली होती. जाहिरात वाचली आणि अर्ज केला. तिकडे उतरल्या दिवशी विमानतळावर माझ्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा होता आणि पाटीवर नावाआधी ‘तज्ज्ञ’ असा शब्द होता. तो शब्द मी मनात किती वेळा म्हणून पाहिला असेल, सांगता येणार नाही.

लायब्ररीचे संचालक मुलुगेता नावाचे साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. सगळे त्यांना ‘अतो मुलुगेता’ म्हणत. अतो म्हणजे श्रीयुत. त्यांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं होतं, “आमचं पंचांग तुमच्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. सप्टेंबरात आमचं दोन हजार साल उजाडतंय. देशभर समारंभ आहेत. त्या आठवड्यात कॅटलॉगचं उद्‌घाटन व्हावं, अशी कुलगुरूंची इच्छा आहे.”

“होईल,” मी म्हटलं होतं.

नियम सांगितल्यावर काम झपाट्यानं सुरू झालं. सकाळी दोन तास मी शिकवायची, उरलेला दिवस ते नोंदी भरायचे. इथिओपियन लेखकांचे प्रबंध, अहवाल, पुस्तकं मिळून साडेचार हजारांच्या वर भरली. त्यातल्या सर्वांत जास्त नोंदी अल्माझनं केल्या. एकतीस वर्षांची, सडपातळ, खांद्यावर कायम पांढरी शाल. बोटं कीबोर्डवर अशी चालायची की बघत राहावं. कॅटलॉग विभागप्रमुखाची जागा नव्यानं निघणार होती आणि ती तिलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. मीही तशी शिफारस लिहून ठेवली होती.

कार्डांचे लाकडी खण रिकामे करताना मी सांगितलं, “ही कार्डं पोत्यांत भरून टाका.” दोन दिवसांनी गोदामात गेले तर अल्माझनं ती खोक्यांत, जुन्याच क्रमानं, दोऱ्यानं बांधून रचून ठेवलेली.

“कशाला एवढी मेहनत?” मी विचारलं.

“असू देत, मिस,” ती म्हणाली.

जुलैच्या अखेरीस तिनं मला कॉफीला बोलावलं. लायब्ररीच्या मागे कर्मचाऱ्यांची एक खोली होती. तिथं जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, कोळशाची छोटी शेगडी, त्यावर लांब मानेचं काळं मातीचं भांडं. तिनं माझ्यासमोर कच्चे दाणे भाजले, धूर माझ्या नाकाशी आणला, कुटले, उकळले. हिरुत नावाची वर्गातलीच तिची मैत्रीण बिनकानाचे चिमुकले कप मांडत होती. अल्माझच्या शेजारी स्टुलावर तपकिरी पुठ्ठ्याचं एक पातळ बाड ठेवलेलं होतं. मी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

पहिला कप झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. दुसरा कप भरताना ती म्हणाली, “मिस, तुमच्या ओळखपत्रावर मंदाकिनी भास्कर लोणकर आहे. भास्कर तुमचे वडील?”

“नाही, नवरा.”

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, मग ओशाळल्या. अल्माझ म्हणाली, “आमच्याकडे बाई लग्नानंतरही वडिलांचंच नाव लावते. मग तुमच्या वडिलांचं नाव कुठं गेलं?”

“ते लग्नाआधी होतं. दत्तात्रय.”

“म्हणजे तेव्हा तुम्ही मंदाकिनी दत्तात्रय होता.”

“नाही.” मला उगाच हसू आलं. “तेव्हा मी सुलभा होते. मंदाकिनी हे सासरी ठेवलेलं नाव.”

अल्माझचा हात भांड्यावर थांबला. “तुमचं स्वतःचं नावसुद्धा?”

“आमच्याकडे तशी पद्धत होती. तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. आता कमी झालंय.”

“मग वडील नंतर तुम्हाला काय म्हणायचे?”

“सुलीच म्हणायचे. माहेरी गेले की.”

“आणि तुम्हाला चाललं? सासरच्यांनी सगळंच बदललं ते?”

तिनं ते हळू आवाजात, काळजीनं विचारलं होतं. मला मात्र ते टोचलं. एकतीस वर्षांच्या मुलीनं, मी शिकवते त्या मुलीनं, माझ्या लग्नाबद्दल मला विचारावं! मी घड्याळात बघितलं. “मला अहवाल पुरा करायचाय. कॉफी छान होती.”

“मिस, अजून तिसरा कप आहे.”

“पुढच्या वेळी,” असं म्हणून मी उठले. हिरुत काहीतरी बोलणार होती, अल्माझनं तिला डोळ्यांनी थांबवलं. तिसरा कप न घेता उठायचं नसतं, आणि पाहुण्याला जे महत्त्वाचं सांगायचं ते बहुधा त्याच कपाला सांगतात, हे मला पुढे कळलं.

ऑगस्टच्या मध्याला, एका शुक्रवारी, डॉक्टर केबेदे नावाचे मृदाशास्त्राचे प्राध्यापक लायब्ररीत आले. नव्या संगणकावर बसून त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं आणि पाच मिनिटांनी अख्ख्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात अल्माझला हाक मारली.

“माझे तेरा शोधनिबंध कुठं गेले?”

अल्माझनं दुसरं नाव टाइप करून दाखवलं. निबंध होते.

“हे माझे वडील आहेत!” केबेदे ओरडले. “माझे वडील मेंढपाळ होते. त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. हे तेरा निबंध त्यांनी लिहिले का? आणि माझे विद्यार्थी महिनाभर सांगतायत की प्रबंध सापडत नाहीत, ते यामुळे?”

मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते. केबेदेंनी माझ्याकडे पाहिलं, पण मला काही विचारलं नाही. ते थेट वरच्या मजल्यावर मुलुगेतांकडे गेले. संध्याकाळी निरोप आला की सोमवारी सकाळी सगळ्यांची बैठक आहे.

बैठक आमच्या शिकवण्याच्या खोलीतच भरली. मुलुगेता फळ्याच्या बाजूला खुर्ची घेऊन बसले, शेजारी इतिवृत्त लिहायला एक कारकून. कुलगुरूंच्या कार्यालयातला एक तरुण अधिकारीही होता. बाहेर सकाळपासून भुरभुर चालू होती, पत्र्याचा आवाज येत होता. उद्‌घाटनाला तीन आठवडे उरले होते.

मुलुगेतांनी आवाज चढवला नाही. शांतपणे इंग्रजीत, म्हणजे माझ्यासाठीच, ते म्हणाले, “साडेचार हजार नोंदी वडिलांच्या नावाखाली गेल्या आहेत. आपल्या देशात कोणतंही पोर सांगेल की माणूस स्वतःच्या नावानं ओळखला जातो. मला एवढंच समजून घ्यायचंय, हा नियम आला कुठून?”

कुणी बोललं नाही.

माझ्या मांडीवर माझी तीन पानं होती. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलेली. तिसऱ्या पानावर तो नियम ठळक अक्षरात छापलेला होता. मी पानं उलटी केली.

मुलुगेतांनी परत विचारलं, “कुठून आला?” आणि थांबले. बराच वेळ थांबले. कारकुनानं पेन खाली ठेवलं. देरेजे नावाचा एक जण, अल्माझच्या खालोखाल कामाचा, बुटांकडे बघत होता. मी घसा साफ केला. बोलायचं म्हणून की नुसताच, आजही मला नक्की सांगता येत नाही.

आणि अल्माझ उभी राहिली.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मिसनी नीट सांगितलं होतं. मी उलटं समजले आणि बाकीच्यांनी माझं बघून केलं.”

कुलगुरूंच्या कार्यालयातला अधिकारी वळून तिच्याकडे बघायला लागला. मुलुगेता तिच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

“मिस मंदा, असं झालं का?”

शब्द आले, आणि व्यवस्थित आले. “काहीतरी गैरसमज झाला असावा. भाषेचाही प्रश्न असतो.”

“बरं,” मुलुगेता म्हणाले आणि कारकुनाकडे वळले. त्यानं पेन उचललं.

पुढचे अठरा दिवस अल्माझनं दुरुस्तीचं काम चालवलं. गोदामातली ती बांधलेली खोकी वर आली. लेखकाच्या स्वतःच्या नावानं लावलेल्या जुन्या कार्डांचा क्रम शाबूत होता म्हणूनच ते शक्य झालं. मी रोज तिच्या शेजारी बसून नोंदी तपासायची. ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची. चहा आणून द्यायची, ‘मिस’ म्हणायची. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला.

“अल्माझ, त्या दिवशी बैठकीत—”

“मिस, हे बघा, इथे तारीख राहिलीये,” ती म्हणाली, आणि दोन्ही वेळा तसंच काहीतरी म्हणाली.

नव्या सालात कॅटलॉगचं उद्‌घाटन थाटात झालं. सगळीकडे पिवळी रानफुलं, पांढरे कपडे. कुलगुरूंनी कळ दाबली, पडद्यावर लेखकांची नावं आली, टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर किनारीची शाल घातली गेली. अल्माझ तिथं नव्हती. चार दिवसांपूर्वीच तिला कृषी शाखेच्या लायब्ररीत पाठवलं होतं, बसनं चार तास लांब, एका खोलीची लायब्ररी. विभागप्रमुखाच्या जागेवर देरेजेची नेमणूक झाली.

ऑक्टोबरात माझा करार पुढे चालू ठेवल्याचं पत्र आलं. त्यात माझ्या ‘संयमाचं आणि मार्गदर्शनाचं’ कौतुक होतं. ते पत्र हातात घेऊन मी मुलुगेतांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

“मला एक सांगायचंय,” मी म्हटलं. “तो नियम माझा होता. अल्माझ खोटं बोलली.”

त्यांनी चष्मा काढला. “मला माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“तुमची ती तीन पानं इथं प्रत्येकाच्या खणात आहेत. माझ्याही. केबेदे आले त्या संध्याकाळीच मी ती काढून वाचली.”

“मग बैठक कशाला घेतलीत? मला सरळ बोलवायचं!”

“तुम्ही आमच्या पाहुण्या. मी तुम्हाला बोलावून ‘तुमची चूक’ असं कसं म्हणणार? म्हटलं, प्रश्न सगळ्यांत ठेवू. तुम्ही उठून म्हणाल, ‘मला तुमची रीत ठाऊक नव्हती.’ मी म्हणेन, आम्हीही सांगायला हवं होतं. संपलं असतं. तुम्हाला कुणी एक शब्द बोललं नसतं. नवख्या माणसाची चूक ती.” ते थांबले. “मी दोनदा विचारलं, मिस मंदा. मी वाट बघत होतो. सगळेच बघत होते.”

मला ती शांतता आठवली. ते पेन खाली ठेवणं, देरेजेचं बुटांकडे बघणं. मला वाटलं होतं, ते सगळे घाबरलेत.

“मग अल्माझनं असं का केलं?”

“तुम्ही बोलत नाही म्हटल्यावर तुमची फार शोभा व्हायला लागली होती. तिला बघवलं नसेल. ती तुम्हाला मानायची.” मुलुगेतांनी चष्मा परत लावला. “पण ती कुलगुरूंच्या माणसासमोर बोलली आणि ते इतिवृत्तात गेलं. साडेचार हजार चुका केल्याचं जिच्या नावावर लिहिलंय तिला मी विभागप्रमुख कसं करणार? आणि तुम्ही तर होकार भरलात.”

“मी आता लिहून देते.”

“लिहून द्या. मी ते फायलीत लावीन. पण ती बोलली सगळ्यांसमोर. कागद त्यांना कोण वाचून दाखवणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना बसवलं. अल्माझ नव्हती म्हणून बारा जण. हात टेबलावर टेकवून मी सांगितलं की नियम माझा होता, मला तुमच्या नावांची रीत माहीत नव्हती, अल्माझचा काही दोष नव्हता, आणि मी त्या दिवशी गप्प राहिले याची मला लाज वाटते. बोलताना माझा आवाज फाटला. बारा जणांनी ते ऐकून घेतलं. मग हिरुत उठली आणि तिनं मला पाण्याचा ग्लास आणून दिला. देरेजे म्हणाला, “मिस, जागा मी मागितली नव्हती.” “माहितीये,” मी म्हटलं. एकदम हलकं वाटलं मला. खरं सांगते, त्या रात्री कित्येक आठवड्यांनी गाढ झोपले.

त्याच शनिवारी मी बस पकडून कृषी शाखेला गेले. रस्ता वळणावळणाचा, शेजारच्या बाईच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. अल्माझ फाटकाशी उभी होती. तिला हिरुतनं फोन केला होता. तिनं माझ्या खांद्याला खांदा लावला, गालाला गाल लावला, तीनदा. तसं तिनं आधी कधी केलं नव्हतं.

“हिरुतनं सगळं सांगितलं,” ती म्हणाली. “तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून बोललात.”

“उशीर झाला.”

“झाला. पण बोललात. आमच्याकडची मोठी माणसंसुद्धा नाही बोलत.”

तिनं मला तिची लायब्ररी दाखवली. चार कपाटं, दोन टेबलं, खिडकीबाहेर जवाचं शेत. कपाट उघडून तिनं ते तपकिरी पुठ्ठ्याचं बाड काढलं आणि माझ्या हातात दिलं.

“कॉफीच्या दिवशी हे तुम्हाला दाखवायचं होतं. माझ्या वडिलांचं आहे.”

टंकलिखित, बासष्ट पानांचा अहवाल. तेफ म्हणून त्यांचं एक धान्य असतं, राळ्यासारखं बारीक, ज्याची ते भाकरी करतात. त्याच्या स्थानिक जातींवर वोर्कू तेस्सेमा या विद्यार्थ्यानं लिहिलेला.

“मी दोन वर्षांची होते तेव्हा त्यांना घरातून नेलं,” ती म्हणाली. “लष्कराचं राज्य होतं. तेव्हा खूप जणांना नेलं. फोटो आईनं भीतीनं जाळले. हे राहिलं, लायब्ररीत होतं म्हणून. शाळेत असताना मी तिकडच्या लायब्ररीत कार्डाच्या खणात त्यांचं नाव बघायला जायचे. वोर्कू. खण उघडला की असायचं. मोठी झाल्यावर तिथंच नोकरी धरली.”

“आणि मी तुला ते...”

“तेस्सेमा, स्वल्पविराम, वोर्कू.” ती हसली. “मी स्वतः टाइप केलं. तेस्सेमा माझे आजोबा, त्यांना वाचताही येत नव्हतं. टाइप केल्यावर वोर्कू शोधलं, तर काही नाही आलं. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला काही बोलले नाही.” तिनं बाड माझ्या हातातून घेतलं, पुठ्ठ्यावरून शालीचं टोक फिरवलं. “पण आता बरोबर आहे. मीच दुरुस्त केलं. आणि तुम्हाला कुठं माहीत होतं? माहीत असतं तर तुम्ही असं केलंच नसतं. मी हिरुतलाही तेच म्हटलं. ज्याला माहीत नाही त्याच्यावर कसलं रागवायचं?”

मी काही बोलले नसते तर दिवस तसाच छान गेला असता. तिनं जेवण करून ठेवलं होतं. पण तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, ते मला सोसेना.

त्या शुक्रवारी केबेदे येऊन गेल्यावर काय झालं, ते मी मुलुगेतांना सांगितलं नव्हतं. बारा जणांनाही नाही. रविवारी दुपारी मी माझ्या क्वार्टरमध्ये पेटी उघडून कॅटलॉगिंगच्या नियमांचं ते जाड पुस्तक काढलं, जे मी संगमनेरहून बरोबर आणलं होतं आणि इथं एकदाही उघडलं नव्हतं. नावांचं प्रकरण काढलं. स्पष्ट लिहिलेलं होतं: लेखकाच्या देशात जशी रीत असेल तशी नोंद करावी. जगाची पद्धत तीच होती, जी अल्माझ मला पहिल्या दिवशी सांगत होती. मी ते पान दोनदा वाचलं. पुस्तक परत पेटीत, साड्यांच्या खाली ठेवलं. सोमवारी बैठकीत मी ते माहीत असताना बसले होते.

“अल्माझ,” मी म्हटलं, “मला माहीत होतं.”

“काय?”

“नियम चुकीचा आहे ते. नियम लिहिला तेव्हा नव्हतं माहीत. पण बैठकीच्या आदल्या दिवशी कळलं होतं. पुस्तकात बघितलं होतं मी. तू उभी राहिलीस तेव्हा मला ठाऊक होतं.”

तिला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं विचारलं, “आणि तरी तुम्ही म्हणालात, भाषेचा प्रश्न असतो?”

“हो.”

“हे तुम्ही त्या दिवशी सगळ्यांना सांगितलंत? हिरुतला, देरेजेला?”

“नाही.”

“अतो मुलुगेतांना?”

“नाही. कुणालाच नाही. फक्त तुला सांगतेय.”

ती टेबलाच्या कडेला टेकून उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मग मला एकटीलाच का सांगता?”

तिनं बाड कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं. मग म्हणाली, “जेवून घ्या. बस दोन तासांनी आहे.” तिनं वाढलं, मी जेवले. ती जेवली नाही. उपास असल्याचं म्हणाली. फाटकापर्यंत सोडायला आली, हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि मागे वळली.

पुढच्या वर्षभरात ती मुख्य लायब्ररीत दोनदा कामाला येऊन गेली, मला भेटल्याशिवाय. तिच्या शाखेच्या नोंदी मात्र दर महिन्याला वेळेवर यायच्या आणि त्यात मला कधी एक चूक सापडली नाही.

त्या शनिवारी परतीच्या बसमध्ये चार तास मी एकच ठरवत आले होते. सोमवारी सगळ्यांना पुन्हा बसवायचं आणि राहिलेलं सांगून टाकायचं. पुस्तकही बरोबर न्यायचं, पान उघडून दाखवायचं.

सोमवारी मी पुस्तक पिशवीत घालून गेले. बाराही जण वेळेवर आले होते. हिरुतनं माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. मी फळ्यापाशी उभी राहिले. ते माझ्याकडे बघून हसत होते, आता त्यांच्यातलीच एक झाल्यासारखे.

“मिस, आज काय घ्यायचं?” देरेजेनं विचारलं.

मी पिशवी खुर्चीखाली सरकवली, खडू उचलला आणि आठवड्याचं वेळापत्रक लिहायला घेतलं.